सात नंबरचा पट्टा

थोरलीला कुणी विचारलं असतं, की बाई, ओल्या चादरींचं बोचकं उचलायचं कसं, तर ती म्हणाली असती, "दोन हातांनी!" अठरा वर्षं लाँड्रीत काढली, पण या गोष्टीचा याहून जास्त विचार तिने कधी केला नव्हता. आणि का करावा? धुलाईच्या मशीनचं तोंड गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्यातून ओलं बोचकं बाहेर ओढायचं, उचलून ट्रॉलीत टाकायचं, ट्रॉली ढकलत ड्रायरपाशी न्यायची आणि तिथे पुन्हा उचलून ड्रायरच्या तोंडात कोंबायचं. ते तोंड छातीएवढं उंच. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, वसतिगृहांचे पडदे. सकाळी सातला हात लावला की दुपारी तीनपर्यंत हेच. यात विचार करायला बसलं तर बोचकी कोण उचलणार?

उचलायची ती मनाला येईल तशी. एक डाव्या कुशीवर, दुसरं उजव्या. कधी एक गुडघा टेकून, कधी मशीनच्या दाराला कंबर लावून, कधी दोन्ही पाय फाकवून, तर कधी मध्येच थांबून, कपाळ पुसून, बोचक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मग. पुढचं बोचकं ती कसं उचलेल हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

शेजारच्या मशीनवर तिची धाकटी जाऊ. एका घरात दोघी सुना आणि एका हॉलमध्ये दोघी कामाला, म्हणून लाँड्रीत त्यांना नावाने कुणी ओळखतच नसे. एक थोरली, एक धाकटी, विषय संपला. धाकटीला येऊन नऊ वर्षं झाली होती. तिचं काम बघावं आणि थक्क व्हावं. पाय तिथेच, हात तिथेच, मान तितकीच खाली, एक श्वास आत, की बोचकं वर. पहिलं तसं दुसरं, सकाळचं तसं दुपारचं. तिच्यावरून घड्याळ लावून घ्यावं.

हॉलचा सुपरवायझर तर तिच्यावर बेहद्द खूश. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याला सरळपणाचं वेड होतं. ट्रॉल्या सरळ रेषेत, झाडू सरळ उभे, बायकांच्या डोक्यावरच्या टोप्यासुद्धा सरळ. पाठीमागे सगळ्या त्याला फुटपट्टी म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते कौतुकच वाटत असावं. त्याने भिंतीवर एक चित्र लावलं होतं. त्यात एक हसरा माणूस खोकं उचलतोय, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'योग्य पद्धत एकच'. चित्रातला माणूस हसत होता, कारण त्याला एकच खोकं उचलायचं होतं.

"थोरल्या बाई, जरा धाकटीकडे बघा," फुटपट्टी दिवसातून दोनदा तरी म्हणायचा.

"बघते की साहेब. घरी गेले तरी तीच असते समोर," असं म्हणून थोरली पुढचं बोचकं मुद्दाम आणखी वाकडं उचलायची.

एका सोमवारी फुटपट्टीने मशीन बंद करून सगळ्यांना एकत्र बोलावलं. मशीन बंद म्हणजे प्रकरण गंभीर. विद्यापीठातून एक बाई येणार होत्या. त्या तीन दिवस प्रत्येकीच्या अंगावर एक पट्टा बांधणार, त्या पट्ट्यातून कोण कशी वाकते, कशी वळते, भार कुठे देते, ते सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर उमटणार. "आणि ज्यांचं उचलणं धोक्याचं निघेल," फुटपट्टी घसा साफ करून म्हणाला, "त्यांचा विचार करावा लागेल."

विचार करावा लागेल! हे असले शब्द की नाही, फार वाईट. घरी जा म्हटलं तर माणूस भांडतो तरी. विचार करावा लागेल म्हटल्यावर भांडणार कुणाशी? चहाची सुट्टी होईपर्यंत हॉलमध्ये पक्कं झालं होतं की जिचं उचलणं वेडंवाकडं, तिला नारळ. आणि हे बोलताना जी ती थोरलीकडे बघत होती.

तोंडाने थोरली म्हणाली, "मला काढतील? मग या हॉलमध्ये बोलेल कोण?" सगळ्या हसल्या, तीही हसली, पण घास काही गिळवेना. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि सायकली आजकाल दुरुस्त कोण करतं? घर चाललं होतं ते दोघी जावांच्या हातांवर. आणि लाँड्रीत दुसरी जागा म्हणावी तर फक्त घडीच्या टेबलावर. तिथे चादरीचे चारही कोपरे एकमेकांना जुळावे लागतात. थोरलीच्या घरची कपाटं उघडून बघितली असती तर ती तिथे आठवडाभरही टिकणार नाही हे कुणालाही कळलं असतं. मशीनवरची जागा गेली तर सगळंच गेलं, हे तिला पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी तिने बादलीत चार जाड चादरी भिजवल्या, पिळल्या, बोचकं बांधलं आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवलं. एकदा उचललं. पाय कुठे होते ते फरशीवर खडूने आखून घेतलं. पुन्हा उचललं. पाय भलतीकडेच!

"काय चाललंय?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"सराव."

"चादरी उचलायचा? अठरा वर्षांनी?"

"गप्प बसा आणि सांगा. आत्ता उचललं ते मघासारखंच होतं ना?"

नवरा प्रामाणिक. हाच त्याचा मोठा दोष. "मघाशी बदकासारखी वाकली होतीस," तो विचार करून म्हणाला, "आता बगळ्यासारखी उभी राहिलीस."

"मेल्या पक्ष्यांचं नाव घेऊ नका!"

तिने दात-ओठ खाऊन दहा वेळा तसंच्या तसं उचलायचा प्रयत्न केला. अकराव्या वेळी कंबरेत अशी कळ आली की ती तिथेच खडूच्या पावलांवर फतकल मारून बसली. अठरा वर्षांत मशीनवर जे झालं नव्हतं ते स्वयंपाकघरात झालं. नवऱ्याने तिला हात देऊन उठवलं, पाण्याचा ग्लास दिला आणि शहाण्यासारखा बाहेर निघून गेला.

धाकटी हे सगळं भांडी विसळता विसळता बघत होती. ती मोजकंच बोलणारी. दिवसाकाठी ती जेवढं बोलायची तेवढं थोरली एका दमात बोलून मोकळी व्हायची.

"वहिनी, पट्ट्यांवर नंबर असणार ना?" तिने विचारलं.

"असणार. माझा सात, तुझा आठ. यादी लागलीय."

"मग माझा तुम्ही घाला. तुमचा मी घालते."

थोरली बघतच राहिली. "अगं, वेडी की काय? मग माझं वेडंवाकडं तुझ्या नावावर चढेल त्याचं काय?"

"मला कोण काढतंय?" धाकटी नळ बंद करत म्हणाली. "साहेबच म्हणतील, पट्ट्यात बिघाड आहे."

खरं होतं ते. फुटपट्टी एक वेळ कॉम्प्युटरला वेडा म्हणेल, पण धाकटीला नाही. थोरलीने तिला जवळ ओढलं, ओल्या हातांसकट. डोळे भरून आले तिचे. जावाजावांचं पटत नाही म्हणणाऱ्यांनी यावं आणि हे बघावं, असं तिला वाटलं. धाकटीने तिच्या खांद्यावर क्षणभर डोकं टेकवलं आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

विद्यापीठातल्या बाई आल्या. जाड भिंगांचा चष्मा, मागे घट्ट बांधलेले केस, आणि वय एवढं कमी की थोरलीच्या तोंडून पहिल्याच भेटीत "जेवलीस का गं?" निघून गेलं. हॉलमध्ये सगळ्या त्यांना मोजणीबाई म्हणायला लागल्या. त्या उपड्या टाकलेल्या बादलीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायच्या आणि कुणी कसंही उचललं तरी चेहरा कोराच. फुटपट्टी त्यांच्या मागे हात बांधून उभा राहायचा. कॉम्प्युटरवरच्या रेघा वाकड्यातिकड्या नाचताना बघून त्याचा जीव कासावीस व्हायचा.

सकाळी पट्टे ट्रेमध्ये ओळीने मांडलेले असत. रुंद पट्टा कंबरेला, पाठीवर काडेपेटीएवढी एक डबी आणि दोन्ही मांड्यांना एकेक. कपडे बदलायच्या खोलीत दोघी दार लावून घ्यायच्या आणि सात नंबर धाकटीच्या कंबरेला, आठ नंबर थोरलीच्या. पहिल्या दिवशी बक्कल कुठे अडकवायचं हेच थोरलीला सुचेना, शेवटी दोन्ही पट्टे धाकटीनेच बांधले.

आता निदान धाकटीच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून थोरलीने सरळ उचलायचं ठरवलं होतं. दहा वाजेपर्यंत आठवणीत होतं. मग चादरी आल्या दोन ट्रक, कुणीतरी साबणाचं पिंप सांडलं, थोरलीने हॉलच्या त्या टोकाच्या बाईला या टोकावरून दोन टोमणे मारले, आणि कंबरेला पट्टा आहे हेच विसरून गेली. तीन दिवस असेच गेले.

शुक्रवारी कॅन्टीनमागच्या छोट्या खोलीत एकेकीला बोलावणं आलं. टेबलामागे मोजणीबाई, शेजारी फुटपट्टी.

"सात नंबर तुम्ही ना? बसा," मोजणीबाई म्हणाल्या. "तुमचं उचलणं अगदी एकसारखं आहे. तीन दिवसांत सहाशेच्या वर वेळा उचललंत, आणि प्रत्येक वेळी तंतोतंत तसंच."

थोरलीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "मेहनत घेतलीय मॅडम."

"त्याचीच मला काळजी वाटते."

हसू तिथेच थिजलं.

"असं बघा," मोजणीबाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. एकावर एक गिरवलेली एकच जाड रेघ दिसत होती. "सगळा भार उजव्या बाजूला. डावा पाय नुसता नावाला टेकलेला. कुठलंही बोचकं असो, मोठं, छोटं, जड, हलकं, पाठीच्या त्याच जागेला ताण. माणूस सहसा असं उचलत नाही. नकळत दर वेळी थोडं बदलतो. कधी पाय पुढे, कधी मागे, कधी गुडघ्यावर जोर, कधी खांद्यावर. मग भार वाटला जातो, एकच जागा झिजत नाही. पाठदुखीचं सगळंच आम्हाला कळलंय असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या या रेघेत मला दुखणं दिसतंय. खूप दुखत असेल ना?"

"मला? छे! मला कुठे..." थोरली बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

फुटपट्टी तर डोळे फाडून स्क्रीनकडे बघत होता. "यांचं एकसारखं? मॅडम, या बाईंनी दोन बोचकी एकसारखी उचललेली मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत." मग त्याने पुन्हा स्क्रीनकडे बघितलं. समोर सरळ, जाड, सुंदर रेघ दिसत होती. तिच्याशी वाद घालणं त्याच्या जिवावर आलं. "पण यंत्रात आलंय म्हणजे असेल," तो म्हणाला. "सोमवारपासून तुम्ही मशीनवर नको. घडीच्या टेबलावर."

थोरली बाहेर आली ती पायाखालची फरशी चाचपडतच. तिच्यामागून धाकटी आत गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

"काय म्हणाल्या?"

"उत्तम म्हणे," धाकटी म्हणाली. "दर वेळी निराळं उचलते, भार छान वाटला जातो. नव्या मुलींना मीच शिकवायचं, मशीनवरच राहायचं." आणि एवढं कौतुक सांगताना तिचा चेहरा असा पडला होता, की कुणाच्या मयताची बातमी सांगतेय असं वाटावं. ती तशीच आपल्या मशीनपाशी गेली आणि दार उघडून वाकली.

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर थोरलीची जागा वाचत होती, पण मग धाकटीची जाणार. जिने आपल्यासाठी स्वतःचं नाव पुढे केलं, तिलाच पुढे ढकलायचं? लोक काय म्हणतील ते सोडा, आरशात तोंड कसं बघायचं? बरं, गप्प बसावं तर आपण घडीच्या टेबलावर, आणि आठवड्याने घरी. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. थोरलीला फुटपट्टीचा राग आला, मोजणीबाईंचा आला, स्वतःचा तर फारच आला. शेवटी राग करायला कुणी उरलं नाही तेव्हा ती नुसती उभी राहून धाकटीकडे बघायला लागली.

नऊ वर्षं ती शेजारी होती, पण असं टक लावून थोरलीने तिला कधी बघितलंच नव्हतं. पाय तिथेच. हात तिथेच. एक श्वास आत. आणि आज दिसलं, की तो श्वास ती आत घेते आणि धरून ठेवते. ओठ पांढरे पडेपर्यंत मिटलेले. बोचकं ट्रॉलीत पडलं की मग डोळे हळूच मिटायचे आणि पुन्हा उघडायचे. डावा पाय खरोखरच नुसता नावाला टेकलेला. पुन्हा वाकणं, पुन्हा तेच. ज्याला सगळा हॉल टापटीप म्हणत होता, ते हिचं दुखणं होतं! खूप दुखत असेल ना, असं मोजणीबाईंनी विचारलं होतं, ते हिला विचारलं होतं. उत्तर मात्र थोरलीने दिलं होतं, छे म्हणून.

जागेचा, टेबलाचा, आरशाचा सगळा हिशेब तिथल्या तिथे डोक्यातून गेला. तिने मशीन तसंच चालू सोडलं आणि दार न वाजवताच कॅन्टीनमागच्या खोलीत शिरली.

"मॅडम, सात नंबर मी नव्हते," ती म्हणाली.

मोजणीबाई वायरी गुंडाळत होत्या. "यादीत तर तुमचंच नाव आहे."

"नंबर माझाच. पण कंबर धाकटीची होती."

फुटपट्टी उठून उभा राहिला. मग बसला. मग पुन्हा उभा राहिला. "म्हणजे तुम्ही दोघींनी यंत्राला फसवलंत?"

"फसवलं साहेब. तीन दिवस फसवलं. माझं उचलणं वेडंवाकडं, मला घरी बसवाल म्हणून फसवलं. आता बसवा हवं तर, मी हू की चू करणार नाही. पण त्या पोरीची पाठ आधी बघा. ती आत्ता या घटकेला तिथे ओठ आवळून बोचकी उचलतेय, आणि मी मूर्खासारखी शेजारी उभी राहून नऊ वर्षं टोमणे मारतेय!"

मोजणीबाईंनी वायरी खाली ठेवल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि हसायला लागल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या त्या.

"मी परवापासून डोकं खाजवतेय," त्या म्हणाल्या. "बादलीवर बसून बघितलं तर तुम्ही एखाद्या तमाशासारख्या उचलताय, आणि स्क्रीनवर सात नंबर ही अशी सरळ. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. काल रात्री उशिरापर्यंत मी डब्या उघडून बसले होते! नावांची अदलाबदल करायला दोन मिनिटं लागतील. पण तुम्हाला घरी बसवायचं असं कुणी सांगितलं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणजे दोघींनी फुटपट्टीकडे बघितलं.

"मी फक्त विचार करावा लागेल म्हणालो," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "विचार म्हणजे... डॉक्टर. विश्रांती. थोडे दिवस हलकं काम. मालकांनी तर स्पष्ट सांगितलंय, कुणालाही काढायचं नाही."

"मग तसं म्हणायला काय झालं होतं हो साहेब!" थोरली अशी ओरडली की बाहेर कॅन्टीनमध्ये कुणाचा तरी कप फुटला. "पाच दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही!" आणि एवढं बोलून ती मटकन खुर्चीत बसली. अंगातला सगळा ताण एकदम सुटला, आणि वर हसूही यायला लागलं. जागा होती. तिची जागा तिथेच होती, आणि वेडंवाकडं उचलून होती! फुटपट्टीने तिला पाण्याचा ग्लास भरून दिला. तो देताना सांडला आणि त्याने तो पुसलाही नाही.

धाकटीला बोलावलं. ती दारात उभी राहिली ती शिक्षा ऐकायला आल्यासारखी.

"सांगितलं मी," थोरली म्हणाली. "सगळं सांगितलं. ये, बस."

धाकटी बसली. खुर्चीत टेकताना तिने टेबलाची कड धरली, आणि या वेळी ते तिघांनाही दिसलं.

"किती दिवस दुखतंय?" मोजणीबाईंनी विचारलं.

धाकटीने थोरलीकडे बघितलं, मग मांडीवरच्या हातांकडे. "दीड वर्ष," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. नऊ वर्षांत या बाईच्या डोळ्यांत पाणी कुणी पाहिलं नव्हतं. फुटपट्टी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"अगं, मग बोलायचं नाही? मला नाही, निदान भाऊजींना तरी?" थोरलीने तिचे हात धरले.

"काय बोलू? सगळे म्हणायचे, धाकटीकडे बघा, धाकटीकडे बघा. माझंच दुखतंय म्हणून कसं सांगू?" धाकटी पदराने नाक पुसत म्हणाली. "म्हणून तर पट्टा बदलला मी. मला वाटलं, तुमचं वेडंवाकडं माझ्या नावावर आलं की मला मशीनवरून हलवतील. तुम्हीही वाचाल आणि मलाही तोंडाने काही सांगावं लागणार नाही. झालं उलटंच. मला म्हणाल्या, उत्तम."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. धाकटीही मध्येच हसली, कळ आली म्हणून थांबली, आणि पुन्हा हसली. दोन महिने घडीचं टेबल, सोमवारी डॉक्टर, आणि मग हळूहळू मशीनवर परत, असं मोजणीबाईंनी कागदावर लिहून दिलं. धाकटीने तो कागद दोनदा वाचला. तिचे खांदे खाली आले, आणि ती खुर्चीच्या पाठीला टेकून बसली. एवढी सैल बसलेली ती कुणी पाहिली नव्हती.

"एक विचारायचं राहिलं," मोजणीबाई म्हणाल्या. "डाव्या पायाला कधी काही लागलं होतं? मोडला, मुरगळला?"

"नाही."

"मग त्यावर भार का देत नाही तुम्ही?"

धाकटी गोंधळली. "असंच उचलायचं असतं ना? वहिनींनी दाखवलं तसं."

"मी?" थोरली म्हणाली. "मी कधी काय दाखवलं?"

"पहिल्या दिवशी. मला काहीच येत नव्हतं, हातपाय कापत होते. तुम्ही म्हणालात, नीट बघ आणि अस्सं कर. मी नीट बघितलं. हात कुठे, मान कुठे, पाय कसा. घरी जाऊन पाठ केलं. नंतर तुम्ही कसंही उचलायचात, पण म्हटलं, तुम्हाला येतं, तुम्हाला चालतं. मला शिकवलं ते खरं."

थोरली आठवायला लागली. नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस. धाकटीचं लग्न होऊन महिना झाला होता, नवी कोरी टोपी घालून ती मशीनपाशी उभी होती. आणि आपण? आपण त्या दिवशी नवऱ्याची मोठी चप्पल घालून आलो होतो. का बरं? स्वतःची पायात शिरत नव्हती म्हणून. आदल्या दिवशी साबणाच्या पाण्यावर घसरलो होतो, घोटा टम्म सुजला होता, आणि सुट्टी घ्यायची नाही म्हणून...

"अगं बाई!" ती म्हणाली. आणि तोंडावर हात ठेवला. "अगं, त्या दिवशी माझा डावा पाय मुरगळला होता!"

फुटपट्टी खिडकीपासून सावकाश वळला. "म्हणजे मी नऊ वर्षं," तो म्हणाला, "सगळ्यांना लंगडणं दाखवत होतो?"

धाकटी खाली बघत होती, आपल्या डाव्या पावलाकडे. बसल्या जागीही ते टाचेवर किंचित उचललेलं होतं, दुखऱ्या पायासारखं. कधीच न दुखलेलं ते पाऊल नऊ वर्षं जपून ठेवलेलं होतं.

थोरली खुर्चीतून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिने ते पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि हळूच फरशीवर पूर्ण टेकवलं.

"टेक, बाई, नीट टेक," ती म्हणाली. "माझा पाय होता तो. आठ दिवसांत बरा झाला होता."